मेंदूतील पुटी आणि हालचालींचे विकार

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, मेंढ्यांचे कळप घेऊन धनगरांचे वाडे उतरतात. शेतात रात्री मेंढ्या बसविल्या की शेतकऱ्यास खत मिळते. राखणीस कुत्री असतात. मेंढी, कुत्रे व चराऊ रान यांचा असा सहवास असेल तेथे मेंदूचा एक चमत्कारिक रोग उद्भवू शकतो.

या रोगात मेंढी कळपामागे राहते, मान कलती करते आणि एकाच जागी गोल फिरू लागते. पाहणाऱ्यास ती बाधा वाटते. परंतु कवटी उघडली असता मेंदूत पाण्याने भरलेली पुटी आढळते. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या 'टीनिया मल्टिसेप्स' या पट्टकृमीची ती बाल्यावस्था होय. कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातात व त्यांतून निघालेले भ्रूण रक्तावाटे मेंदू गाठतात. काही महिन्यांत पुटी ५ सेंटिमीटर वा त्याहून मोठी होते. ती मोठ्या मेंदूच्या एका अंगास असल्यास मेंढी बहुधा त्याच अंगास फिरते. लहान मेंदूत असल्यास तिचा तोल जातो. लक्षण ठरते ते पुटीच्या स्थानावरून.

हाच नियम मनुष्यासही लागू पडतो. मेंढीच्या मेंदूतील ही पुटी मनुष्यात अतिविरळ. त्याच्या मेंदूत अधिक आढळते ती 'टीनिया सोलियम' या डुकराशी संबंधित पट्टकृमीची पुटी. तिच्यामुळे बहुधा आकडी येते. परंतु पुटी मेंदूच्या गाभ्यातील करड्या पुंजांत असल्यास क्वचित हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, अथवा कंपवातासारखा ताठरपणा येतो. अशा रुग्णाच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा काढल्यास कारण उघड होऊ शकते. कारण कळल्यास औषधाने वा शस्त्रक्रियेने पुष्कळदा उपाय करता येतो. म्हणून अशी प्रत्येक हालचाल वृद्धापकाळाची वा अंगात आल्याची मानणे घातक होय.

मांस न खाणारा मनुष्यही या रोगापासून सुरक्षित नसतो. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे अशा मनुष्याच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या हातांवाटे, पाण्यावाटे वा कच्च्या भाजीवाटे इतरांच्या पोटात जातात. शौचकूप, स्वच्छ हात व धुतलेली भाजी हाच येथे खरा प्रतिबंध.

मेंढीच्या रोगाचा प्रतिबंध याहून सोपा आहे. मेलेल्या मेंढीचे मुंडके कुत्र्यापुढे न टाकता जाळावे अथवा खोल पुरावे आणि कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक द्यावे. मुंडके कुत्र्याच्या तोंडी लागले नाही, तर पुटीतील कृमीस पुढे वाढण्यास आतडेच मिळत नाही.