इथेन आणि इथिलीन

आपल्या हिंगोली जिल्ह्यांत वसमत व कळमनुरी तालुक्यांतील बागांतून केळीचे घड उतरवितात, तेव्हां तीं केळीं हिरवींच असतात. दूरच्या बाजारीं तीं धड पोहोंचावींत, हा त्यांतील हेतु. पुढें तीं पिकविण्यासाठीं व्यापारी बंद व थंड खोलींत एक वायु सोडतात. त्याचें नांव इथिलीन. त्याच खोलींत त्याचा जवळचा आप्त जो इथेन, तो सोडला तर केळ्यांच्या पिकण्यास कांहींएक चालना मिळणार नाहीं. असें कां व्हावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दोन्ही वायु कार्बन व हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले आहेत. दोहोंच्याहि रेणूंत कार्बनचे अणु दोनच. परंतु हायड्रोजनचे अणु इथेनमध्यें सहा, तर इथिलीनमध्यें चार. कार्बनच्या प्रत्येक अणूस चार हात आहेत, अशी कल्पना करूं. इथेनमधील दोन कार्बन एकेका हातानें परस्परांस धरतात व उरलेल्या तीन-तीन हातांनीं एकेक हायड्रोजन धरतात. आणखी कोणास धरण्यास जागाच उरत नाहीं; म्हणून इथेन हा संपृक्त. इथिलीनमध्यें दोन हायड्रोजन कमी असल्यानें दोन कार्बन एकमेकांस दोन-दोन हातांनीं धरून असतात. या दुहेरी बंधांतील दुसरी पकड पहिलीहून सैल असते. योग्य सोबती भेटतांच ती सुटते व नवे अणु धरले जातात. म्हणून इथिलीन हा असंपृक्त.

नुसत्या डोळ्यांस हा भेद दिसत नाहीं. दोन्ही वायु रंगहीन व ज्वलनशील आहेत. इथेन हवेहून किंचित् जड, इथिलीन किंचित् हलका, एवढेंच. परंतु ब्रोमीनच्या तांबूस पाण्यांतून इथिलीन सोडतांच त्याचा रंग नाहींसा होतो. कारण ब्रोमीन त्या सुटलेल्या हातीं सांपडतें. इथेनचे मात्र बुडबुडे वर येतात आणि पाणी जसेंच्या तसें राहतें. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणानेंहि हीच परीक्षा होते.

वनस्पतींवरील इथिलीनचा प्रभाव १९०१ सालीं रशियन शास्त्रज्ञ नेल्युबोव्ह यांनीं दाखविला. १९३४ सालीं इंग्लंडांतील गेन यांनीं, पिकणारें फळ स्वतःच हा वायु निर्माण करतें, हें सिद्ध केलें. आढींत एक फळ पिकूं लागलें कीं शेजारचीं कां पिकतात, याचें उत्तर यांत आहे. फळाच्या पेशींत तांब्याचा अणु धारण करणारीं प्रथिनें असतात. इथिलीनचा दुहेरी बंध तेथें जाऊन जडतो, आणि पिठाची साखर होण्यास व सालीचा हिरवेपणा जाण्यास आरंभ होतो. इथेनजवळ तसा बंधच नाहीं. मग फळानें त्यास ओळखावें कशानें? उलट केळीं हिरवीं राखावयाचीं असल्यास पेट्यांत त्याच परमँगनेटच्या पुड्या ठेवतात; त्या फळांतून निघणारें इथिलीन नाहींसें करतात.

या कामीं इथिलीन फारच थोडें लागतें. आपल्या देशांत हवेच्या दहा लक्ष भागांस १०० भागांपर्यंत तें वापरण्यास अनुज्ञा आहे. परंतु कित्येक लोक त्याऐवजीं कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या फळांत ठेवतात. ओलाव्यानें त्यांतून ॲसिटिलीन हा तिहेरी बंधाचा वायु निघतो. फळ पिकविण्यांत तो इथिलीनहून कितीतरी पटींनीं दुबळा आहे. शिवाय बाजारी कार्बाइडमध्यें आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असतात. साल पिवळी व्हावी आणि गर कच्चाच राहावा, असेंहि घडतें. अशा रीतीनें पिकविलेलीं फळें विकण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीं बंदी आहे. घरीं चार कच्चीं केळीं पिकवावयाचीं असल्यास एखादें पिकलेलें फळ त्यांजबरोबर झांकून ठेवावें, तेवढें पुरे.

इतक्यावरून इथेन निरुपयोगी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. त्यास वाफेबरोबर सुमारें ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलें असतां प्रत्येक रेणूंतील दोन हायड्रोजन सुटतात व इथिलीन तयार होतें. रायगड जिल्ह्यांतील नागोठणें येथील कारखान्यांत हेंच कार्य चालतें. मग इथिलीनचे असंख्य रेणु आपली सैल पकड सोडून एकमेकांस धरतात व त्यांची लांब सांखळी होते, तेंच पॉलिथीन. आपल्या हळदीच्या व केळीच्या शेतांत ठिबक सिंचनाच्या ज्या काळ्या नळ्या पसरलेल्या दिसतात, त्या याच जातीच्या द्रव्याच्या. केळीच्या मुळाशीं पाणी नेणारी नळी आणि तिच्या घडास पिकविणारा वायु, या दोहोंच्या मुळाशीं एकच रेणु आहे. आणि त्याचा सारा गुण दोन हायड्रोजन उणे असण्यांत आहे.