घाम आधी, व्यायाम नंतर

पन्नाशीच्या आसपासच्या अनेकींचा हा अनुभव: झपाझप चालायला लागून पाच मिनिटं होत नाहीत, तोच छातीपासून मानेवर, चेहऱ्यावर गरम लाट चढते, घामाच्या धारा लागतात आणि थोड्या वेळाने चक्क हुडहुडी भरते. शेजारून चालणारी तिशीतली सून मात्र कोरडी ठणठणीत!

स्नायू वापरतात त्या ऊर्जेचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. तिच्यावर लक्ष ठेवणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. एरवी तापमान थोडंसं, म्हणजे साधारण ०.४ अंशाच्या पट्ट्यात हललं, तर ते कानाडोळा करतं. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन घटलं की ज्यांना अशा लाटा येतात त्यांच्यात ही सूट जवळपास संपते. मग मांजर दिसलं तरी शिट्टी फुंकणाऱ्या घाबरट वॉचमनसारखी गत होते. त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. शरीर फारसं तापलेलं नसतानाच उष्णता निघून जाते, म्हणून मागाहून थंडी वाजते.

घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच गारवा देतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये तो वाळतो. मुंबईच्या मेमध्ये नुसता ओघळतो. तिथे पंख्याखाली व्यायाम केलेला बरा. सैल सुती कपडे, सावकाश सुरुवात, जवळ गार पाणी. वजन उतरावं म्हणून प्लॅस्टिकचं जाकीट घालून घाम गाळणं हा निव्वळ आचरटपणा.

छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर ‘वयाचंच असेल’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.