पहाटेची पहिली पायरी

जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. सकाळच्या शाळेसाठी किंवा लोकलसाठी साडेपाचला उठणाऱ्याच्या खोलीत तेव्हा मिट्ट काळोख असतो. अशांसाठी हळूहळू उजळत जाणारा दिवा घरच्या घरी करता येतो. सामान किरकोळ: बारा व्होल्टची एलईडी पट्टी, अ‍ॅडॉप्टर, एक मॉसफेट, आर्डुइनो आणि वेळ सांभाळणारी डीएस३२३१ चिप. २३० व्होल्टच्या वाटेला जाऊ नये. साधे एलईडी बल्ब तसेही डिमरवर धड मंद होत नाहीत.

जोडणी सोपी. डोके चालवावे लागते ते 'हळूहळू' म्हणजे नेमके कसे, हे ठरवताना.

आर्डुइनो उनो पट्टीची वीज सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो आणि त्यातला 'चालू'चा वाटा ० ते २५५ अशा पायऱ्यांनी वाढवतो. अर्ध्या तासात २५५ पायऱ्या, म्हणजे दर सात सेकंदांनी एक. हिशेब चोख, पण डोळ्याला तो मानवत नाही. एकवरून दोनवर जाताना प्रकाश दुप्पट होतो आणि मिनिटभरातच आठपट. शेवटच्या दुपटीला मात्र पंधरा मिनिटे लागतात. खोली भसकन उजळली आणि मग तशीच राहिली, असे वाटते. डोळा प्रकाशातला फरक जोखतो तो बेरजेने नव्हे, पटीने. जर्मनीच्या गुस्टाव फेक्नर यांनी १८६० सालीच हे सूत्रात बसवले होते.

मग समान वेळात समान पट वाढवावी. आठ दुपटी, प्रत्येकीला पावणेचार मिनिटे. तरी पहिली पायरी अडतेच: दिवा एकवर बराच वेळ ताटकळतो आणि एका क्षणात दुप्पट होतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो धक्काच. ईएसपी३२ बोर्डावर ६५,५३६ टप्पे मिळतात. शंभराव्या टप्प्यापासून सुरुवात केली, तर सर्वांत मोठी उडीही एका टक्क्याची राहते. माझ्या मते या दिव्यात पैसे घालायचे तर इथेच; महागड्या शेडमध्ये नव्हे.

खरी पहाटही पटीनेच वाढते. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर असताना उघड्यावर साधारण ३ लक्स उजेड असतो, उगवताना सुमारे ४०० लक्स. मुंबईत या शंभराहून अधिक पटीला बावीस-चोवीस मिनिटे पुरतात.

रंगाची गोष्ट जरा उफराटी आहे. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की दृष्टिपटलातल्या काही चेतापेशी स्वतःच प्रकाश टिपून मेंदूतल्या जैविक घड्याळाला खबर देतात. त्यांना सर्वाधिक जाणवतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश. पण पापणी म्हणजे त्वचा आणि रक्त. ती निळा बराचसा अडवते, तांबडा त्यामानाने आत सोडते. म्हणून सुरुवात तांबूस-पिवळ्या उजेडाने करावी आणि पांढरा शेवटी आणावा, डोळे किलकिले होऊ लागल्यावर. उजेड मात्र तोंडावर यायला हवा, दुधी अ‍ॅक्रिलिकमधून गाळून. कुशीवर वळून उशीत तोंड खुपसणाऱ्यापुढे सगळे गणित फोल.

वीज गेली तर डीएस३२३१ बटणसेलवर वेळ सांभाळते, पण पट्टी पेटत नाही. परीक्षेच्या दिवशी मोबाइलचा गजरही लावून ठेवावा.