सायडिंगला स्वतःची वीज हवी

मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये कौतुक मुख्य मार्गाचे होते, पण गाडी चालवण्याची खरी रंगत सायडिंगमध्ये असते. अॅलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराच्या ‘इंगलनूक सायडिंग्ज’ या कोड्यात तीनच सायडिंग आहेत. त्यांत पाच, तीन आणि तीन डबे मावतात आणि शंटिंगचा सगळा डाव तेवढ्यावर रंगतो. शंटिंगमध्ये इंजिन रांगते. वेगातले इंजिन क्षणभर वीज तुटली तरी पुढे सरकते, रांगणारे मात्र जागीच अडते. म्हणून लेआउटवरची सर्वांत भरवशाची वीज सायडिंगला मिळायला हवी. प्रत्यक्षात ती बहुधा पॉइंटमधून, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यातून, उसनी घेतलेली असते. ही उसनवारी सोडून प्रत्येक सायडिंगला स्वतःच्या तारा द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे.

उसनवारीची सवय दोन रुळांच्या पद्धतीतून आली. 1938 साली आलेल्या हॉर्नबी डब्लोच्या गाड्या मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेत. 1959 मध्ये तीही कंपनी दोन रुळांकडे वळली. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि पॉइंटच्या फ्रॉगपाशी हे दोघे एकमेकांना छेदतात. पेकोसारख्या उत्पादकांनी यावर दोन तोडगे दिले: प्लास्टिकचा फ्रॉग किंवा पॉइंटबरोबर ध्रुव बदलणारा धातूचा फ्रॉग. दोन्हींत पॉइंट ज्या बाजूला लावला असेल तिकडेच वीज जाते. बारा व्होल्ट डीसीच्या काळात ही सोय मोलाची होती, कारण सायडिंगमधले इंजिन आपोआप थांबून राही.

पण या सोयीचा सारा भार पॉइंटची पाती बाजूच्या रुळाला जिथे टेकते, त्या बारीक जागेवर पडतो. तिथे धूळ बसते, खडी चिकटवण्याचा गोंद झिरपतो, धातूवर ऑक्साइड चढतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हे लवकरच घडते. पुढची रूळ जोडणारी प्रत्येक फिशप्लेट त्यात आणखी रोध मिळवते. समजा, डिजिटल कमांड कंट्रोलच्या (डीसीसी) लेआउटवर पंधरा व्होल्टच्या वाटेत एकूण 4 ओहम रोध साठला. मग शॉर्ट सर्किट झाले तरी 3.75 अॅम्पिअरच वाहतील. रुळांना वीज पुरवणाऱ्या, 5 अॅम्पिअरला तुटणाऱ्या बूस्टरला ते कळणार नाही आणि सुमारे 56 वॉट उष्णता सांध्यांत व चाकांत साठत राहील. म्हणजे प्रश्न अडखळणाऱ्या इंजिनापुरता नाही, सुरक्षिततेचाही आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की सायडिंगला कायम वीज दिली तर उभे इंजिनही चालू लागेल. डीसीमध्ये हे खरे आहे. उपायही साधा आहे: सायडिंगचा एक रूळ तोडून त्याच्या तारेवर चालू-बंद स्विच बसवावा. दुसरा आक्षेप डीसीसीचा. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990च्या दशकात प्रमाणित केलेल्या या पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा जाते, मग तारांचा खटाटोप कशाला? पण ती आज्ञा रुळांतूनच जाते. सायडिंग मृत झाली की इंजिनाचे दिवे आणि आवाज बंद पडतात. कपॅसिटर बसवला तरी तो खंड थोडाच वेळ भरून काढतो, आणि छोट्या शंटिंग इंजिनात त्याला जागा सापडणेही कठीण. डीसीसीमुळे स्वतंत्र तारांची गरज उलट वाढते. तिसरा आक्षेप कष्टांचा आहे आणि तो मान्य करायला हवा. धातूचा फ्रॉग असेल तर त्यातून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लास्टिकचे जोड बसवावेच लागतात. नाहीतर पॉइंट फिरताच शॉर्ट होतो. तरीही फळीखालून दीड चौरस मिलिमीटरच्या दोन मुख्य तारा नेणे आणि प्रत्येक सायडिंगला बारीक तारांची जोडी सोल्डर करणे हे काम एकदाच करायचे असते. खडी आणि रंग चढल्यावर दोष शोधणे त्याहून कितीतरी अवघड.

तेव्हा खडी टाकण्याआधी डीसीसी लेआउटच्या प्रत्येक सायडिंगच्या टोकाला दोन्ही रुळांवर एक नाणे क्षणभर आडवे ठेवून पाहा. बूस्टर तत्काळ तुटला तर वायरिंग पक्के. नाही तुटला तर तिथे आणखी एक तारांची जोडी द्या.