पोलादाचा शीण

मंचरहून घोडेगांवमार्गें भीमाशंकरकडे जाणारी एस. टी. गाडी आंबेगांव तालुक्यांतील शिनोली गांव ओलांडते, तेव्हां प्रवाशांचें लक्ष खिडकीबाहेर असतें. परंतु गाडीचा आणि त्यांचा सारा भार चाकाच्या तुंब्यांत दडलेल्या लहानशा पोलादी रुळांवर असतो.

जुन्या बैलगाडीचें चाक आंसावर घासत फिरे. म्हणून तिला वंगणाचें नळकांडें टांगलेलें असे. मोटारीच्या चाकांत दोन पोलादी कड्यांमध्यें रूळ बसवितात. ते घासण्याऐवजीं लोळतात. या रचनेला बेअरिंग म्हणतात. घर्षण इतकें कमी, तर मग बेअरिंग निकामी कां होतें?

याचें उत्तर स्वयंपाकघरांत सांपडतें. लाटणें पोळपाटाला एका बारीक रेघेवरच टेकतें. रुळाचेंहि तसेंच. भाराखालीं ती रेघ दबून अरुंद पट्टी होते आणि सारा भार तिच्यावर येतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांनीं 1881 सालीं या स्पर्शाचें गणित मांडलें. बेअरिंगांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला 10-15 टनांवर सहज जातो. आणि पोलादाला कातरूं पाहणारा ताण पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या किंचित् खालीं सर्वांत अधिक असतो.

तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं. पुनःपुन्हा वांकविली कीं तुटते. येथेंहि प्रत्येक रूळ जातांना कडीला एकेक ताण देतो. असे कोट्यवधि ताण सोसल्यावर पोलादांतील एखाद्या सूक्ष्म मळीच्या कणापाशीं तडा जातो, तो वर सरकतो आणि पृष्ठभागाची खपली निघते. हाच धातूचा शीण.

या शिणाचा हिशेब स्वीडनमधील गुस्ताफ लुंडबर्ग व अर्विड पामग्रेन यांनीं 1947 सालीं प्रसिद्ध केला. पामग्रेन ज्या एस. के. एफ. कंपनींत होते, तिचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडलाहि आहे. 100 सारख्या बेअरिंगांपैकीं 90 जेथपर्यंत टिकतील, तें त्यांचें आयुष्य मानतात. या अभ्यासांतून रूढ झालेला नियम असा कीं, रुळांवरील भार दुप्पट केला तर दाब सुमारें 40 टक्क्यांनींच वाढतो, पण आयुष्य जवळजवळ दशांशावर येतें. अधिक भरलेली गाडी त्या दिवशीं सुखरूप पोंचते, याचें कारण हेंच. तिचें देणें पुढें केव्हां तरी फेडावें लागतें.

शीण लांबविण्याचे उपाय आहेत. बेअरिंगाच्या पोलादांत सुमारें 1 टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असतें. वितळलेला रस निर्वातांत ठेवून त्यांतील वायु काढून टाकतात, म्हणजे मळीहि कमी होते. वंगणाचा केसाहून पातळ थर रूळ व कडी यांना वेगळें ठेवतो. त्यांत धुळीचा कण शिरला तर खांच पडते आणि तडा तेथूनच निघतो.

म्हणून जाणता कारागीर चाक उचलून हातानें फिरवितो आणि कान देतो. गुरगुर ऐकूं आली कीं, घाटाची चढण येण्यापूर्वींच तें बेअरिंग बदलतो.