हेड गॅस्केट कोणतं टाकायचं?

तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर टाकून मी गावी पोचलो, तेव्हा मामाचा टँकर घरासमोर बॉनेट उघडून उभा होता. मे महिना, माण तालुका आणि पाण्याचा टँकर उभा! याचा अर्थ आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतो. दोन वाड्या त्या टँकरवर होत्या आणि मामाचं घरही त्याच टँकरवर.

गाडी १९९८ सालची, टाटा १६१३. (१६ म्हणजे एकूण वजन सोळा टन आणि १३ म्हणजे साधारण १३० हॉर्सपॉवर. होस्टेलवर निम्म्या मेकॅनिकलवाल्यांनाही हे माहीत नाही, मी विचारून बघितलंय.) इंजिन ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता, त्याच घराण्यातलं हे इंजिन. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, सगळे सिलिंडर मिळून ५६७५ सीसी.

झालं होतं असं. फलटणहून भरलेला टँकर मोगराळे घाट चढताना काटा लाल रंगात गेला. ड्रायव्हरने "वर गेल्यावर थांबू" म्हणत गाडी तशीच रेटली. वर पोचेपर्यंत हेड गॅस्केट उडालं. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी नवीन टाकलं. ते बरोबर नऊ दिवस टिकलं. मी पोचलो तो दहावा दिवस.

मामा म्हणाला, "काय इंजिनेर, आता तूच सांग कुठलं गॅसकीट टाकायचं. तीन वर्षं फी भरतोय तुझा बाप."

मित्रांनो, खरं सांगतो, हेड गॅस्केटबद्दल मला दोन मार्कांपुरतंच माहीत होतं : "हेड व ब्लॉक यांमधील गळती रोखणे." पुढच्या चार दिवसांत जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हे कुठल्याच ओरलला विचारत नाहीत.

आधी गॅस्केटला काय सोसावं लागतं ते बघू. रूमवर चोरून भात लावायच्या कुकरची रिंग आठवा. तिला बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब अडवायचा असतो, तरी ती वर्षभरात फुसफुसायला लागते. डिझेल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब ८०-१०० बारपर्यंत जातो, टर्बो असेल तर त्याच्याही वर. ९७ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर. ८० बार धरले तरी एकेका सिलिंडरमधून हेड वर ढकलणारं बल सहा टनांच्या आसपास येतं. दोन हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला हजार वेळा हा धक्का देतो. हेड दर वेळी काही मायक्रॉन का होईना, उचललं जातं आणि परत बसतं. एवढ्यात त्याच गॅस्केटने शेजारच्या भोकातलं पाणी अडवायचं आणि त्याच्या शेजारचं तेलही. म्हणजे एकाच पत्र्याला तीन वेगवेगळ्या नोकऱ्या!

मी पहिलं काम केलं ते नवीन गॅस्केट विकत घेण्याचं नाही, जुनं वाचण्याचं. उडालेलं गॅस्केट कधी लगेच फेकू नका, तेच साक्षीदार असतं. आमच्यावर तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधला पट्टा जळून काळा झाला होता आणि तिथली स्टीलची रिंग दबलेलीच नव्हती. बाकी ठिकाणी रिंग नीट चपटी झालेली, इथे मात्र जवळजवळ कोरी. म्हणजे तिथे हेडचा दाब पोचतच नव्हता. गॅस्केट वाईट असतं तर सगळीकडून वाईट असतं. इथे हेडच वाकलं असणार असा संशय आला.

"मिस्त्री, हेडचं लेव्हल बघितलं होतं का?" मी विचारलं.

"बघितलं की. फूटपट्टी लावून."

फूटपट्टी! हेडची लांबी पाऊण मीटरच्या आसपास. मग एका टर्नरकडून चांगली स्ट्रेट एज मागून आणली. हेड पालथं टाकून लांबीत दोन, रुंदीत तीन आणि दोन्ही कर्णांवर पट्टी उभी धरली आणि खालून फिलर गेजची पाती सरकवून बघितली. मधोमध ०.२५ मिलिमीटरची पाती आरामात गेली. अंतिम हद्द त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलची, पण एवढ्या लांब हेडला ०.१० च्या पुढे बाक खपवून घेऊ नये, असा ढोबळ हिशेब आहे. मिस्त्रींनी पाती स्वतः दोनदा घालून बघितली आणि गप्प बसले. चांगला माणूस. वाद घातला नाही, लगेच म्हणाले, "चल, फेसिंगला टाकू."

आता इथे एक गोष्ट आपल्या पुस्तकात नीट सापडत नाही. हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, असं आपण सरसकट म्हणतो. पण या जातीच्या डिझेलमध्ये हेडचा तळ सपाट असतो आणि ज्वलनाची वाटी पिस्टनमध्ये असते. तेव्हा हेड घासल्याने कॉम्प्रेशनमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो व्हॉल्व्हमध्ये. हेडच्या तळापासून ते जेवढे आत असायला हवेत तेवढे राहत नाहीत, पिस्टनच्या जवळ येतात. नोझलचं टोकही जास्त बाहेर डोकावतं. म्हणून व्हॉल्व्हची खोली मोजावी लागते, गरज पडली तर सीट खाली घ्यावी लागते आणि नोझलखालचा वॉशर बघावा लागतो. ब्लॉक घासला तर मात्र पिस्टन खरोखर वर येतो.

म्हणूनच गॅस्केटची जाडी हा विषय "थोडं इकडेतिकडे चालतं" असा नाही. गणित करून बघा. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम ९४६ सीसी. कॉम्प्रेशन रेशो १७ धरला तर वर उरणारी जागा ५९ सीसी. गॅस्केट अर्धा मिलिमीटर पातळ टाकलं तर ७४ चौरस सेंटिमीटरवर ३.७ सीसी जागा कमी होते आणि रेशो १८ च्या वर जातो. शिवाय पिस्टन आणि हेडमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरने घटतं ते वेगळंच. उलट जाड टाकलं तर थंडीत सकाळी गाडी सुरू करताना बॅटरी बसते आणि धूर निघतो. बऱ्याच डिझेल इंजिनांना कंपनी दोन-तीन जाडींची गॅस्केट देते आणि कडेला खाचा किंवा भोकं पाडून ओळख ठेवते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजायचं आणि त्यावरून खाच ठरवायची.

हेड फेसिंगहून आल्यावर आम्ही दुकानात गेलो. काउंटरवर दोन जाती आल्या आणि तिसरीचा हट्ट ड्रायव्हरचा होता.

पहिलं तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस भरलेलं. सगळ्यात स्वस्त आणि मिस्त्रींच्या आवडीचं, कारण खडबडीत फेस असला तरी ते सांभाळून घेतं. पण ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, यात आता शंका राहिलेली नाही. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. आपल्याकडे पूर्ण बंदी झालेली नाही, म्हणून दुकानात दिसतं. टाकताना विशेष धूळ नाही उडत, काढताना उडते. मिस्त्री जुनं गॅस्केट कोरड्या वायर ब्रशने खरवडतात आणि वरून हवेचा पाइप मारतात. मी म्हटलं, "मिस्त्री, निदान पाणी मारून ओलं करून खरवडा, हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा." ते हसले, "पाण्याच्या टँकरला पाण्याची काय कमी!" पण बादली घेतली.

दुसरं ग्राफाइटचं. मध्ये भोकं पाडून दाते काढलेला स्टीलचा पत्रा, दोन्ही बाजूंनी दाबलेलं ग्राफाइट आणि प्रत्येक बोअरभोवती स्टेनलेस स्टीलची रिंग. ग्राफाइट उष्णता पटकन वाहून नेतं, बारीकसारीक खड्ड्यांत बसतं आणि तापून-थंड होऊन चिंबत नाही. दोष एवढाच की हाताळताना जपावं लागतं, कडेला वाकलं की पापुद्रे सुटतात.

तिसरं एमएलएस, म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर. नव्या इंजिनांत हेच असतं. ड्रायव्हर म्हणत होता, "नव्या गाड्यांत आहे म्हणजे भारीच असणार." भारी आहे, खोटं नाही. पण त्याला फेस आरशासारखा लागतो, साधारण ०.८ मायक्रॉन आरए किंवा त्याहून गुळगुळीत, आणि तोही दोन्ही बाजूंना. आमचं हेड ज्या ग्राइंडरवर झालं त्याचा फेस नखाला जाणवत होता, आणि पंचवीस वर्षांहून जुना ब्लॉक तर जागेवरच होता. तो एवढा गुळगुळीत करायचा म्हणजे अख्खं इंजिन उतरवायचं. ग्राफाइट किंवा फायबरच्या गॅस्केटला दीड-दोन मायक्रॉनचा फेस चालतो, उलट थोडी पकड असलेली बरी. म्हणजे जे गॅस्केट नव्या इंजिनात लाख किलोमीटर टिकेल तेच आमच्या ब्लॉकवर पहिल्याच आठवड्यात पाणी गाळू लागेल. शिवाय आमचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. तापल्यावर दोघे सारखेच फुगतात. ॲल्युमिनियमच्या हेडखाली गॅस्केटला जे घासणं सोसावं लागतं ते इथे नाहीच. तेव्हा आम्ही ग्राफाइट ठरवलं.

आता दुकानदारांबद्दल. नऊ दिवस टिकलेल्या गॅस्केटचा डबा मी बघितला. छपाई एका नावाजलेल्या डब्यासारखी, पण आतल्या पत्र्यावर पार्ट नंबरच नाही. पाण्याच्या भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. हेड वाकलेलं होतं म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणार नाही, पण अर्धा नक्की. या वेळी मामाने अधिकृत डीलरकडून बिलासकट घेतलं, किंमत जवळजवळ तिप्पट. दुकानातच जुन्या गॅस्केटवर नवं ठेवून एकेक भोक जुळवलं. घरी आल्यावर कोरडंच ब्लॉकवर ठेवून बघितलं. बोअरची रिंग कुठेही सिलिंडरच्या आत डोकावता कामा नये. इंजिन रिबोअर झालं असेल तर हे हमखास होतं, आणि आत आलेली कड लाल होऊन जळते.

बसवताना मिस्त्रींनी सवयीने सिल्व्हर पेंटचा डबा काढला. ग्राफाइटला काहीच लावायचं नसतं, कोरडं बसवायचं. डबा परत गेला. बोल्टच्या भोकांत तेल-पाणी साचलेलं होतं ते मी चिंधीने टिपून काढलं. आंधळ्या भोकात तेल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जातो, आणि टॉर्क पानाही खोटं बोलतो. दोन बोल्ट मानेशी बारीक झाले होते, ते बदलले. मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळलं. आकडे मॅन्युअलमधूनच घ्या, माझ्या लेखातून नकोत.

राहिला मूळ प्रश्न : गाडी तापलीच का? रेडिएटर उतरवला तर निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं त्यात ओतलेलं. त्यात कोणीतरी थर्मोस्टॅटही काढून टाकला होता, "गार राहते" म्हणून. बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं. म्हणजे घाटात गाडी गार राहत नाही, उलट तापते. रेडिएटर रॉडिंग करून घेतला, थर्मोस्टॅट परत बसवला.

पाचव्या दिवशी सकाळी इंजिन सुरू केलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून पंधरा मिनिटं पाण्याकडे बघत बसलो. एकही बुडबुडा नाही. वरचा होस मऊच. संध्याकाळी पहिली खेप घाट चढून वाडीवर गेली. आठवड्याने, गॅस्केटसोबतच्या कागदात लिहिलं होतं तसं, मिस्त्रींनी स्वतःहून हेड पुन्हा टॉर्क केलं. मी तेव्हा होस्टेलला परत आलो होतो, त्यांनी फोन करून सांगितलं.

कूलंटमध्ये मिसळायला त्या वेळी डिस्टिल्ड पाण्याचे कॅन विकत आणले होते. पाऊस सुरू झाल्यापासून मामा पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवतो आणि ते पाणी गाळून गाडीसाठी वेगळं भरून ठेवतो. त्याला कोणी हात लावलेला त्याला चालत नाही, मामीनेसुद्धा.