घरातलं विज्ञान : सॉफ्टनरच्या कप्प्यात पाणी का साचतं?

कपडे धुऊन झाल्यावर फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा खण उघडावा, तर फुलाचं चिन्ह असलेल्या कप्प्यात निळसर पाणी साचलेलं दिसतं. मशीन बिघडलं का? बहुतेक वेळा नाही.

हा कप्पा रिकामा करायला मोटर लागत नाही. आत एक उभी नळी आणि तिच्यावर टोपी असते. कपडे शेवटचे खळबळताना मशीन कप्प्यात पाणी सोडतं. पाणी नळीच्या तोंडावर चढलं, की खाली पडू लागतं आणि मागच्या पाण्यालाही ओढून नेतं. डब्यातलं रॉकेल रबरी नळीने काढतात, तसंच. हाच सायफन.

सॉफ्टनर दाट असतं. टोपीखाली त्याचा बुळबुळीत थर बसला, की वाट अरुंद होते आणि पाणी अडतं. ‘मॅक्स’च्या रेघेच्या वर सॉफ्टनर ओतलं, तर सायफन आधीच सुरू होतो आणि ते वाया जातं.

महिन्यातून एकदा खण काढा, टोपी कोमट पाण्यात भिजवा, नळी जुन्या टूथब्रशने घासा. तळाशी चमचाभर पाणी उरलं, तर काळजी नको. कप्पा निम्मा भरलेला दिसला, तर नळी तुंबली आहे असं समजा.